मागचं मी बघतो

मी गाडी शिकले तेव्हा आरसा हा माझा विषयच नव्हता. घराजवळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये (नाव राहू द्या) २१ दिवसांचा क्लास लावला होता. शिकवणारे सर डाव्या सीटवर, त्यांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा क्लच आणि ब्रेक. पहिल्याच दिवशी त्यांनी आतला आरसा कट्कन स्वतःकडे फिरवून घेतला, काच खाली करून डावीकडचाही आपल्या नजरेला लावला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त समोर बघा. मागचं मी बघतो."

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. क्लच, गिअर, समोरून अंगावर येणाऱ्या रिक्षा, यातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. त्यात मागच्या जगाची जबाबदारी कोणीतरी घेतंय म्हटल्यावर हायसंच वाटणार. २१ दिवस मी समोर बघितलं. लायसन्स हातात आलं, पेढे वाटून झाले, आणि मागचं बघणारा माणूस गाडीतून उतरून गेला, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

घरची गाडी हॅचबॅक. ती नवऱ्याच्या मापाने लावलेली. नवरा पाच फूट अकरा इंच आणि मी चार फूट अकरा. बरोबर एका फुटाचं अंतर. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने मला पाटावर उभं केलं होतं आणि वरून शालू पसरून पाट झाकला होता. गाडीत पाटाची जागा उशीने घेतली. आईने जुन्या साड्यांची चौघडी घालून, गोधडीसारखे टाके मारून शिवून दिलेली जाड उशी. ती बुडाखाली, दुसरी एक पाठीमागे, आणि तरीही क्लच पूर्ण दाबायचा तर मला सीटच्या कडेवर येऊन पायाचा अंगठा ताणावा लागायचा. नाशिकच्या कॉलेज रोडवरून सिडकोत जाऊन आलं तरी डावी पोटरी भरून यायची. मला वाटायचं, गाडी चालवणं म्हणजे असंच असतं.

सीट पुढे का घेत नव्हते? हा प्रश्न आता मलाही पडतो. सीटखालची दांडी ओढली की सीट सरकते, हे माहीत नव्हतं असं नाही. पण सकाळी नवरा गाडीत बसला की गुडघे स्टिअरिंगला आपटणार, मग "अगं, सीट कोणी हलवली?" येणार. रागाने नाही, नुसतं विचारणं. तेवढ्या एका वाक्यासाठी मी तीन वर्षं अंगठ्यावर गाडी चालवली. आरशांचंही तेच. "त्यांचं सेटिंग बिघडायला नको." दुसऱ्या बाईच्या मापाचं ब्लाऊज मी कधी अंगात घातलं नसतं, शिंप्याकडून आलेलं अर्धा इंच सैल झालं तरी परत पाठवणारी मी. आणि ८०-९० किलो वजनाच्या माणसाने आपल्या हातापायांना बेतलेली गाडी मात्र मी मुकाट्याने वापरत होते.

डावा बाहेरचा आरसा तर कायम मिटलेला असायचा. आमच्या सोसायटीचं पार्किंग अरुंद, शेजारच्याच्या दाराने आरसा फुटू नये म्हणून नवरा गाडी लावताना तो मिटायचा. निघताना तो उघडायचा. मी नाही. मिटलेला आरसा दिसायला कसा नीटनेटका दिसतो!

मग तो दूधवाला आला.

सकाळचे पावणेसात. अशोक स्तंभाकडून येऊन मला डावीकडच्या गल्लीत वळायचं होतं. इंडिकेटर दिला, समोर बघितलं, वळले. डावीकडून खाड् असा आवाज आला आणि मागोमाग कॅन घरंगळल्याचा. देवाच्या कृपेने पोराला काही झालं नव्हतं, तो पाय टेकून उभा होता. पण हँडलला अडकवलेल्या दोन कॅनपैकी एक रस्त्यावर आडवा, आणि दूध डांबरावरून उताराला लागलेलं. दोन कुत्री कुठून उगवली कोण जाणे. पोरगा माझ्यावर ओरडलाही नाही. तो गाडीला वळसा घालून आला, मिटलेल्या आरशाला बोट लावलं आणि म्हणाला, "ताई, हा असा झोपवून ठेवायचा तर कंपनीने दिला कशाला?"

दुधाचे पैसे मी दिले. त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, निम्मी नोकरी नाशिक-पुणे मार्गावर गेलेली. घडला प्रकार मी काकूंना सांगितला, तो अर्थातच त्यांच्यापर्यंत पोहोचला. रविवारी सकाळी काका चहाचा कप घेऊनच पार्किंगमध्ये आले. म्हणाले, "बसा. चावी लावू नका. नुसत्या बसा." मी उशीवर बसले. त्यांनी बाहेरूनच दोन मिनिटं मला न्याहाळलं, जसं डॉक्टर पेशंटला चालायला लावून बघतात.

"ही उशी कशाला?"

"दिसत नाही, काका."

"सीट वर घ्या की मग."

सीट वर होते? दाराच्या बाजूला, सीटच्या अंगाला एक दांडा होता. तो मी तीन वर्षं पाठ मागे करायचा समजत होते आणि घाबरून हात लावत नव्हते. पाठीचा वेगळाच निघाला. हा दांडा हापशासारखा चार-पाच वेळा वर ओढला आणि मी खरोखरच बोनेटच्या वर आले. समोर भिंतीपाशी सोसायटीच्या कुंड्या होत्या. त्यांतल्या तुळशीच्या मंजिऱ्या दिसायच्या, आता कुंडीचा काठ दिसायला लागला. उशी काकांनी काढून मागच्या सीटवर टाकली. ती घसरते, म्हणाले; करकचून ब्रेक मारला की उशी पुढे जाते आणि माणूस पट्ट्याखालून निसटतो.

मग सीट पुढे. क्लच तळापर्यंत दाबून ठेवायचा, पायाचा चवडा पूर्ण टेकलेला, आणि तरीही गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. ब्रेकचंही तसंच. पाय काठीसारखा ताठ राहिला तर जोर लागत नाही, आणि धडक बसली तर तो धक्का थेट कमरेपर्यंत जातो. सीट सरकवून झाली की काकांनी मला बसल्या बसल्या मागेपुढे हिसका द्यायला लावला. खट् असा आवाज आला. म्हणजे मघाशी सीट खाचेत बसलीच नव्हती! हे मला फार लागलं, कारण मुंबई नाक्याच्या सिग्नलला एकदा मी घाईघाईत सीट पुढे ओढायचा प्रयत्न केला होता. सिग्नल सुटला, मी क्लच सोडला आणि सीट माझ्यासकट सर्रकन मागे गेली. दोन्ही पाय हवेत. गाडी बंद पडली म्हणून वाचले. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते आणि मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं. चुकलं होतंच. गाडी चालू असताना, चाकं फिरत असताना सीटला हात लावायचा नसतो. ते काम उभ्या गाडीत, हँडब्रेक ओढून करायचं.

पाठीचा टेका जवळजवळ सरळ, अगदी जरासा मागे रेललेला. आमच्या नातेवाइकांतली तरुण पोरं सीट आरामखुर्चीसारखी पाडून एका हाताने गाडी चालवतात, ते बघून काका नुसते हसतात. त्यांची खूण सोपी: खांदे सीटला टेकलेले ठेवून हात लांब केला, तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. बोटं नाही, मनगट. बोटंच पोहोचत असतील तर तुम्ही लांब बसलाय.

इथे माझी पंचाईत झाली. पायांसाठी पुढे जावं तर छाती स्टिअरिंगला भिडते. काकांच्या बसला एअरबॅग नव्हती, त्यामुळे हा प्रश्न त्यांनाही नवा. शेवटी मी डॅशबोर्डच्या कप्प्यातली पुस्तिका काढली. गाडी घेतल्यापासून ती प्लास्टिकच्या पिशवीत तशीच होती, कोऱ्या पाटीसारखी. छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मधल्या भागापर्यंत निदान २५ सेंटीमीटर जागा हवी. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते. माणूस तिला फार जवळ असेल तर जीव वाचवणारी तीच वस्तू बरगड्या मोडते. २५ सेंटीमीटर म्हणजे माझी एक वीत आणि वर तीन बोटं. मोजून घेतली. पाठ अजून एक खाच मागे रेलवली, स्टिअरिंग खाली केलं, तेव्हा कुठे ते जमलं. स्टिअरिंगचा रोख तोंडाकडे नाही, छातीकडे हवा.

हेडरेस्टला मी डोकं टेकायची गादी समजत होते. ती मानेसाठी असते. मागून कोणी ठोकलं की डोकं जे मागे फेकलं जातं, ते अडवायला. तिचा वरचा काठ डोक्याच्या टाळूपर्यंत हवा आणि डोक्यापासून अंतर चार बोटांच्या आत. हे वाचून मी टेकून बघितलं तर डोकं पोहोचेचना. कारण? माझा क्लचर. केस गुंडाळून लावलेला तो प्लास्टिकचा मोठा चिमटा. म्हणजे अपघात झालाच तर मी हेडरेस्टवर नाही, चिमट्याच्या दातांवर आपटणार. तेव्हापासून गाडी चालवताना साधी वेणी. लग्नकार्याला जाताना अंबाडा असला की मी किल्ली नवऱ्याच्या हातात देते. या बाबतीत सौंदर्याशी तडजोड नाही.

पट्ट्याचीही तीच कथा. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी हा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणला, पण माझ्यासारखीच्या गळ्याला तो काचणार याचा विचार उशिरा झाला असावा. मी तो सरळ काखेखालून घ्यायचे. पोलिसाला दिसावा एवढाच त्याचा उपयोग. दाराजवळच्या खांबावर पट्टा वर-खाली करायची खुंटी आहे, हे त्या रविवारी कळलं. खुंटी खाली घेतली, पट्टा खांद्याच्या मधोमध आला. खालचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर, ओढून घट्ट.

इतका वेळ गेल्यावर काका म्हणाले, "आता आरसे." मी विचारलं, आधी आरसेच का नाही लावले? "सीट हलली की डोळा हलतो, ताई. डोळा हलला की आरसा खोटा." मग चहा संपवून पुढे म्हणाले, "आमच्याकडे कंडक्टर होता. दोन घंट्या दिल्या की निघायचं, एक दिली की थांबायचं. रिव्हर्स घेताना खाली उतरून पत्र्यावर थाप मारायचा, येऊ द्या, येऊ द्या, बास! तुमच्या गाडीत कंडक्टर नाही."

पुढे कधीतरी वाचताना हीच गोष्ट मला वेगळ्या वेशात भेटली. १९११ साली इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली, तेव्हा गाडीत चालकाबरोबर एक मेकॅनिक बसवायची पद्धत होती. मागून कोण येतंय, हे सांगणं हे त्याचं एक काम. रे हॅरून एकटाच बसला. बाकीच्यांनी तक्रार केली: याच्या मागचं कोण बघणार? हॅरूनने समोर दांड्यांवर एक आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. गंमत म्हणजे पुढे त्यानेच कबूल केलं की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात धड काही दिसलंच नाही. आपल्याकडचे स्पीडब्रेकर आणि खड्डे यांच्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्याच्याही दोन वर्षं आधी, १९०९ मध्ये, डोरोथी लेव्हिट ही इंग्लंडची गाड्या पळवणारी बाई इतर बायकांना सांगून गेली होती, की गाडीत हातात धरायचा छोटा आरसा ठेवा, तोंड बघायला आणि मधूनमधून उंच धरून मागचं बघायलाही. कारखान्यांना आरसा सुचायच्या आधी तो बाईच्या पर्समधून गाडीत शिरला होता, हे मला भारी आवडलं.

आतला आरसा लावणं सोपं. मागची अख्खी काच त्यात चौकटीसारखी बसली पाहिजे, मान न हलवता. बाहेरच्या आरशांवरून मात्र आमचे मतभेद झाले. काकांची रीत जुनी: आरशात आपल्या गाडीची एक बारीक पट्टी दिसत राहू द्या, म्हणजे बाकीचं जग कुठे आहे ते कळतं. मी वाचलेली रीत वेगळी होती. १९९५ मध्ये जॉर्ज प्लॅटझर या अमेरिकी अभियंत्याने दाखवून दिलं, की आपण बाहेरचे आरसे इतके आत वळवतो की त्यांत पुन्हा तेच दिसतं जे आतल्या आरशात आधीच दिसत असतं. आणि नेमकी बाजूची जागा कोणाच्याच वाट्याला येत नाही. उपाय असा: डोकं उजव्या काचेला टेकवायचं आणि उजवा आरसा बाहेर वळवत न्यायचा, आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेपर्यंत. मग डोकं दोन सीटच्या मधोमध आणून डावा तसाच. सरळ बसलं की आपली गाडी आरशातून नाहीशी होते.

"मग मला कसं कळायचं, आरसा कुठं बघतोय ते?" काका.

त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. म्हणून मी एका दुपारी एकटीच गेले, उड्डाणपुलाखालच्या सर्व्हिस रोडला अगदी कडेला गाडी लावली, चारही दिवे चालू केले आणि दहा मिनिटं नुसती बघत बसले. मागून लाल एसटी आली. आधी आतल्या आरशात, कपाळावर 'नाशिक' लिहिलेली पाटी उलटी. ती मोठी होत होत आरशाच्या उजव्या कडेने कापली जायला लागली, तोच तिचं नाक उजव्या आरशात. मग आरसा लालच लाल. आणि तिचा मागचा भाग अजून आरशातून गेलाही नव्हता, तोवर तिचं पुढचं चाक माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात, खिडकीत आलेलं. एका हातातून दुसऱ्या हातात, मध्ये कुठेच सुटली नाही. तिच्यामागून कांद्याच्या गोण्या लादलेला ट्रॅक्टर, तोही तसाच. मग एक स्कूटरवाली, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. ती मात्र अर्ध्या क्षणापुरती कुठेतरी हरवली. आतल्या आरशात नाही, बाहेरच्यात नाही. मान वळवली तेव्हा माझ्या दारापाशी.

त्या अर्ध्या क्षणात एक अख्खी बाई मावते. म्हणून आरसे कसेही लावा, वळण्याआधी खांद्यावरून एकदा मान वळवायचीच, यावर माझं आणि काकांचं एकमत झालं. बाकी मी त्यांची थोडी आणि प्लॅटझरची थोडी, असं मधलं काहीतरी ठेवते. शालिमार-मेनरोडच्या गर्दीत आपली कड दिसलेली बरी, हायवेला बाहेरचं जास्त दिसलेलं बरं. आणखी एक: बाहेरच्या आरशांची काच किंचित फुगीर असते. तिच्यात जास्त मावतं, पण लहान होऊन मावतं, आणि लहान दिसलं की लांब वाटतं. त्यात ट्रक लांब वाटला तरी आतल्या आरशात एकदा खात्री करावी; तो सपाट असतो, थापा मारत नाही. त्याच्याखालची चिमुकली कळ मी शोभेची समजत होते. कसारा घाटात रात्री मागच्या गाडीचे दिवे डोळ्यांत घुसत होते, तेव्हा नवऱ्याने ती टक् करून मागे ओढली आणि दिवे मवाळ झाले. संसाराला वीस वर्षं झाली तरी माणूस काही गोष्टी सांगायचा राहतो.

नवऱ्याचं म्हणाल तर "सीट कोणी हलवली" हे वाक्य आलंच, दुसऱ्याच दिवशी. मी सांगितलं, "मी. तुमच्या जागेपासून सहा खाचा पुढे, उंचीचा दांडा पाच वेळा." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग आतून नेलपॉलिशची बाटली मागितली. सीटखालच्या पट्टीवर आता दोन ठिपके आहेत, दोन्ही मरून, कारण घरात तोच रंग होता. पुढचा कोणाचा हे आम्ही अजून विसरतो.

गेल्या महिन्यात भाची आली, अठरा पूर्ण झालेली, लर्निंग लायसन्स घेऊन. तिला तपोवनाकडच्या मोकळ्या जागेत घेऊन गेले. सीट झाली, पट्टा झाला, उजवा आरसा तिने लावला. आमच्या गाडीत डाव्या आरशाची कळ डाव्या दाराच्या आत आहे, चालकाचा हात तिथवर पोहोचत नाही. म्हणून तो मी लावायला घेतला. वर, खाली, थोडा बाहेर. रस्ता दिसला, मागून येणारी सायकल दिसली, झकास लागला.

"मावशी," ती म्हणाली, "मला यात फक्त लिंबाचं झाड दिसतंय."

मी कळीवरचा हात न काढता डोळे मिटले. "सांग," म्हटलं. "किती?"

"आत. अजून आत. अजून... बास, बास, परत गेला."